मानगुटीवरचं दार

खुर्चीत ताठ बसा, हनुवटी किंचित छातीकडे झुकवा आणि डोक्यामागचा हाडाचा उंचवटा चाचपत बोट सरळ खाली आणा. केस संपण्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंच्या जाड स्नायूंच्या मधोमध बोट एका खळग्यात अडकतं. आपल्याकडे भुतं मानगुटीवर बसतात, ती साधारण इथंच. चिनी वैद्यकात या बिंदूचं नाव 'यामेन'. 'या' म्हणजे मुका, 'मेन' म्हणजे दार. सूर थोडा बदलला की त्याच उच्चाराचा दुसरा शब्द होतो आणि त्याचा अर्थ सरकारी कचेरी. तिथंही भल्याभल्यांची वाचा बसते, पण तो योगायोग.

पाठीच्या मधल्या रेषेवरून वर चढणाऱ्या 'डू' वाहिनीवरचा हा 15वा बिंदू, केसांच्या रेषेपासून अर्धा चुन वर. चुन हे माप फूटपट्टीवर सापडत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी, तेवढा त्याचा एक चुन. पैलवानाचा वेगळा, पोराचा वेगळा.

तिसऱ्या शतकातल्या हुआंगफू मी या वैद्यानं 'जियायी जिंग' या ग्रंथात इथं सुई किती टोचायची ते सांगून ठेवलंय: चार फन, म्हणजे चुनाचे दहा भाग केले तर त्यातले चार. शिवाय ताकीद दिली की इथं शेक द्यायचा नाही. हा शेक म्हणजे दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीचा वाळका चुरा पेटवून दिलेली धग. ती दिली तर माणूस मुका होतो, असं तो म्हणतो. पुढे हाच बिंदू मुकेपणावरचा उपाय म्हणूनही सांगितला गेला. ज्या दारातून वाचा जाते त्याच दारातून ती परत येईल, असा हा हिशेब. आपल्या सुश्रुतानंही मान धोक्याचीच मानली. डोकं आणि मान यांच्या सांध्यावरच्या 'कृकाटिका' मर्माला इजा झाली तर डोकं हलत राहतं, असं त्याचं म्हणणं. मुकेपणा मात्र त्यानं गळ्याच्या बाजूच्या 'नीला' आणि 'मन्या' या मर्मांकडे दिला.

चार फनांची कंजुषी उगाच नव्हती. कातडी, चरबी आणि मानेचा चिवट बंध ओलांडला की पहिल्या दोन मणक्यांमधली फट लागते. तिच्या आत मज्जारज्जू, आणि थोडं वर, कवटीच्या भोकापाशी, श्वास आणि हृदयाची गती सांभाळणारी लंबमज्जा. म्हणून आजची पाठ्यपुस्तकं सुईचं टोक जबड्याच्या दिशेनं, सावकाश न्यायला सांगतात. वर नाकाकडे हरगीज नाही.

खोलीची ही मर्यादा एका माणसानं जाणूनबुजून मोडली. चीनमध्ये माओची सांस्कृतिक क्रांती ऐन भरात होती. 1968 साली जिलिन प्रांतातल्या ल्याओयुआन शहरात झाओ पूयू हा सैन्यातला वैद्यक कर्मचारी मूकबधिर मुलांच्या शाळेत उपचार करू लागला. यामेनला नेहमीच्या खोलीपर्यंत सुई घालून गुण येईना, तेव्हा त्यानं ती आधी स्वतःच्या मानेत, ठरलेल्या मर्यादेपलीकडे खुपसून पाहिली, अशी त्याची कहाणी सांगितली जाते. धाडस खरंच, पण अंगावर काटा आणणारं. मग मुलं बोलू लागल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. मुलांनी पहिल्यांदा काय म्हटलं? 'अध्यक्ष माओ चिरायू होवोत.' लोखंडी झाडाला फूल येणं म्हणजे चिनी बोलीत अशक्य गोष्ट. त्यावरून 'हजार वर्षांच्या लोखंडी झाडाला फूल आलं' असं गाणंही निघालं. 1972 मध्ये पेकिंगच्या परकीय भाषा प्रकाशनगृहानं या उपचारांवर इंग्रजी पुस्तिका काढून ती जगभर धाडली.

त्या मुलांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला या सगळ्या गाजावाजापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जन्मतः बहिऱ्या मुलाचं स्वरयंत्र बहुधा ठणठणीत असतं. शब्द कानी पडत नाहीत म्हणून ते तोंडी येत नाहीत. कानाच्या आतल्या नाजूक रोमपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि मानेतली सुई तिथवर पोचतही नाही. पण अशा पुष्कळ मुलांना थोडंफार ऐकू येत असतं. ओठ वाचायला शिकवून, गळ्यावर हात ठेवून कंप जाणवू देऊन, तेच वाक्य रोज घोटून घेतलं तर ती ते म्हणू शकतात. श्रेय सुईला गेलं. ते घोटून घेणाऱ्या मास्तरांचं असावं असा माझा कयास. आणि वर्गाबाहेर ही मुलं एकमेकांशी हातांनी बोलत असणारच. ती भाषा कुणी बातमीत घेतली नाही.

ही सुई भारतात आली ती एका मराठी नावाच्या सोबतीनं. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि बंगालचे बिजयकुमार बसूही. कोटणीस 1942 मध्ये तिथंच वारले. बसू परतले, 1958 साली पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि पुढच्या वर्षी कोलकात्यात सुया टोचू लागले. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी कायदा झाला तो 2015 चा.

यामेन आजही पुस्तकांत आहे: एकाएकी वाचा गेली, जीभ जड झाली, मान आखडली की घ्यायचा बिंदू म्हणून. खोली अर्धा ते एक चुन. झाओच्या धाडसानंतर सुई परत फिरली, आणि तिची खालची मर्यादा येऊन थांबली ती हुआंगफू मीच्या आकड्यापासून फक्त एका फनावर.