चावी फिरेना तेव्हा

भुसावळ आणि मलकापूरच्या मधलं बोदवड हे कापसाचं गाव. दसरा उलटला की खेड्यांवरून कापूस भरून गाड्या निघतात, आणि त्यांत टाटाच्या जुन्या ४०७ गाड्या अजूनही दिसतात. टेल्कोने १९८६ साली आणलेलं हे मॉडेल. इंजिन पुन्हा बांधता येतं, पाटे बदलता येतात, हौदा नव्याने ठोकून घेता येतो. म्हणून अशी गाडी दोन-दोन पिढ्या राबते. तिची चावी आणि स्विच मात्र कुणाच्या ध्यानात नसतात. वजनकाट्याची रांग पुढे सरकते, मागचा हॉर्न वाजवतो आणि ड्रायव्हर चावीला जोर लावतो. चावी तुटते ती अशाच वेळी.

हे कुलूप एकदा उघडून पाहावं. मधल्या गोल गाभ्याला आडव्या खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक पातळ पितळी पट्टी आणि तिच्याखाली केसासारखी बारीक स्प्रिंग. चावी बाहेर असताना पट्ट्यांची टोकं गाभ्याबाहेर डोकावतात आणि भोवतालच्या घरात अडकून बसतात. योग्य चावी आत गेली की तिच्या दात्यांवर सगळ्या पट्ट्या गाभ्याच्या पातळीला येतात, आणि मगच गाभा फिरतो. पितळ मऊ असतं. वर्षानुवर्षं चावी आत-बाहेर होऊन दाते गुळगुळीत होतात, पट्ट्यांच्या कडाही झिजतात. मग एखादी पट्टी किंचित बाहेर राहते, आणि कुलूप अडायला तेवढं पुरतं. चावी थोडी बाहेर ओढून, हलवून फिरवली की गाडी चालू होते ती याचमुळे. ड्रायव्हर त्याला ‘चावीची सवय’ म्हणतो. खरं तर ती झीज असते.

अशा वेळी पहिली परीक्षा दुसऱ्या चावीची. घरात ठेवलेली मूळ चावी सहज फिरली, तर दोष हातातल्या चावीचा. नवी बनवायची तर ती मूळ चावीवरूनच बनवावी. झिजलेल्या चावीची नक्कल केली, की तिची झीजही नकलेत उतरते. नकलेवरून काढलेली नक्कल तर आणखी बिघडलेली असते.

मूळ चावीही अडत असेल, तर स्टेअरिंग पाहायचं. ज्या गाड्यांना स्टेअरिंग लॉक आहे, त्यांत चाक वळवून गाडी उभी केली की लॉकच्या खिळीवर ताण राहतो. एका हाताने स्टेअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवावी. नुसत्या मनगटाच्या जोरावर काही साधत नाही.

यानंतर येते धूळ. खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, काळ्या मातीचा फुफाटा केबिनमध्ये भरतो. चावी अडली की बरेच जण कुलपात तेल सोडतात. दोन दिवस चावी लोण्यासारखी फिरते, मग त्याच तेलाला धूळ चिकटून आत घट्ट राप बसतो. हा उपाय मुळातच चुकीचा आहे, आणि मी तो कुणालाही सुचवणार नाही. बॅटरीची तार काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने कुलूप धुवावं, पूर्ण वाळू द्यावं आणि मग ग्रॅफाइटची भुकटी घालावी. ती नसेल तर मऊ पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासावी, चावी चार-सहा वेळा आत-बाहेर करावी. पेन्सिलीतही ग्रॅफाइटच असतं, आणि धूळ धरून ठेवायला त्यात तेल नसतं.

चांगला वायरमन आणखी एक गोष्ट करतो. कुलपामागचा विजेचा स्विच सोडवून तो नुसतं कुलूप फिरवून पाहतो. कुलूप आता मोकळं फिरलं, तर दोष स्विचमध्ये. सगळं कुलूप बदलायचा खर्च कित्येकदा इथेच वाचतो.

सगळ्यांत धोक्याचं म्हणजे सेल्फ मारल्यावर चावी मागे न येणं. ती परत आणणारी स्प्रिंग थकलेली असते, किंवा आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. इंजिन चालू झाल्यावरही स्टार्टर घरघरत राहिला, तर हाताने चावी लगेच मागे आणा. येत नसेल तर बॅटरीची तार काढा. थोडा वेळ गेला तरी स्टार्टर जळतो.

जुन्या डिझेल गाड्यांत, जिथे इंधनाचा पंप पूर्ण यांत्रिक आहे आणि इंजिन थांबवायला हाताने ओढायचा स्टॉपर आहे, तिथे चावी बंद करूनही इंजिन चालूच राहतं. अशा गाडीत चावी काढली म्हणजे इंजिन थांबलं, असं समजू नये. गाडी नवी घेतली असेल किंवा ड्रायव्हर बदलला असेल, तर स्टॉपर कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

चावी आज हलवून-हलवून फिरत असेल, तर हंगामाची वाट पाहू नका. कापूस यायला लागण्याआधी मूळ चावी घेऊन चावीवाल्याकडे जा, आणि नवी चावी आली की झिजलेली जुनी टाकून द्या.