दृष्टी जाणं म्हणजे डोळ्यांपुढे अंधार? आर्ट प्रोजेक्टसाठी हा विषय घेताय तर हे वाचा

आर्ट कॉलेजात कुणी ‘दृष्टी गमावणं’ हा विषय घेतला की पहिली कल्पना ठरलेली असते. काळा कॅनव्हास, नाहीतर डोळ्यांवर पट्टी. दिसायला दमदार, पण ज्यांची नजर हळूहळू गेलीये त्यातल्या बहुतेकांना असा मिट्ट काळोख दिसतच नाही.

आपल्याकडचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाच बघा. अजिबात न दिसणारी व्यक्ती त्यात अंध धरली आहेच. पण चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे इतरांना ६० मीटरवरून वाचता येणारं अक्षर ३ मीटरवरूनही ओळखता येत नसेल, तर तीही व्यक्ती कायद्यानं अंधच.

मग दिसतं काय? ते आजारावर ठरतं. मोतीबिंदूत सगळं धूसर आणि पिवळसर होतं, रात्री गाड्यांचे दिवे फाकतात. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये नजरेचा मधला भाग जातो. दाराची चौकट दिसते, दारात उभ्या माणसाचा चेहरा नाही.

काचबिंदूचं प्रकरण सगळ्यात वेगळं. पोस्टरवर काळ्या वर्तुळातून दिसणारं दृश्य छापतात, पण रुग्ण सहसा तसं सांगत नाहीत. काही भाग पुसट होतो, काही गोष्टी नुसत्याच गायब होतात, कारण मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून ती जागा भरून काढतो. म्हणूनच अनेकांना नजर जातेय याचा पत्ताच लागत नाही, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. वस्तू नाही, पण तिची रिकामी जागाही नाही. हे कागदावर कसं आणायचं? प्रोजेक्टचा खरा प्रश्न इथे आहे.

चित्रकारांनी हे भोगलंय. क्लॉद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं आणि १९२३ मध्ये ऑपरेशन. मधल्या काळातला त्यांचा जपानी पूल बघा. निळे-हिरवे रंग मागे पडून लाल-तपकिरी पुढे आलेत.

शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची उरलीसुरली नजर १९५७ च्या सुमारास डोळ्याच्या ऑपरेशननंतर गेली. ते थांबले नाहीत. कागद कापून कोलाज केले, हातानं चाचपून छोटी शिल्पं केली, पुढे टाइल्सचं भित्तिचित्रही उभारलं. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. विषय घेणाऱ्यानं तो बघायलाच हवा.

आता पट्टी बांधून चालायच्या प्रयोगाबद्दल. दहा मिनिटांत माणूस अडखळतो, घाबरतो आणि ‘बिचारे!’ म्हणत बाहेर येतो. वर्षानुवर्षांच्या सवयीनं काठी वापरणं, आवाजावरून वळण ओळखणं, हे त्यात कुठेच नसतं. त्यापेक्षा नजर गेलेल्या एका माणसाशी, त्याच्या परवानगीनं, दोन-तीनदा बोलणं जास्त उपयोगाचं. ‘कसं वाटतं?’ विचारण्यापेक्षा साधे प्रश्न विचारावेत. कपात चहा ओतताना काय दिसतं? बसचा नंबर कसा कळतो? मग बटर पेपरचे थर, पिवळा जिलेटिन पेपर, खडबडीत कापड यातलं काय वापरायचं ते उत्तरांवरून सुचतं.

कच्चं काम त्याच माणसाला दाखवावं, हात लावू द्यावा. आणि प्रदर्शनात ‘स्पर्श करू नये’ ही पाटी लावायची का, हे ज्युरीच्या आधीच ठरवून टाकावं.