तारा आवळायच्या किती?

शिडाच्या होडीकडे पाहणाऱ्याचं लक्ष आधी शिडाकडे जातं, शीड उतरवलेलं असेल तर डोलकाठीकडे. डोलकाठीच्या टोकापासून खाली डेकपर्यंत आलेल्या तारा सहसा कुणाच्या नजरेत भरत नाहीत. पण छत्तीस फुटी होडीची तेरा-चौदा मीटर उंच डोलकाठी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची एक पोकळ नळी असते. तारा काढून तिच्यावर शीड चढवलं, तर बऱ्यापैकी वाऱ्याच्या पहिल्या झोतातच ती वाकून आडवी होईल. वारा शिडात, शीड डोलकाठीवर आणि डोलकाठी तारांवर, असा हा भार उतरत उतरत होडीच्या अंगात जातो. या तारांचा ताण ठरवण्याच्या कामाला रिगिंग ट्यून करणं म्हणतात. होडी तीस-चाळीस वर्षांची असेल तर हे काम नुसतं पान्याचं राहत नाही, त्यात होडीची तब्येतही तपासावी लागते.

नावं आधी सांगून टाकू. डोलकाठीच्या टोकावरून पुढे नाळेकडे जाते ती तार फोरस्टे, मागे वरामाकडे जाते ती बॅकस्टे. दोन्ही बाजूंना उतरतात ते श्राउड. त्यांतले टोकापर्यंत जाणारे कॅप श्राउड आणि मध्यापर्यंतच जाणारे लोअर. कॅप श्राउडना बाहेर ढकलून धरणारे आडवे हात म्हणजे स्प्रेडर. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल आणि त्याच्या खाली होडीच्या अंगात घट्ट बसवलेली पोलादी पट्टी, चेनप्लेट. शीड वर-खाली करणारे, ओढायचे-सोडायचे दोर वेगळे. या तारा मात्र एकदा बसवल्या की महिनोन् महिने जागच्या हलत नाहीत.

कॅप श्राउड आणि डोलकाठी यांच्यातला कोन फार लहान असतो, दहा-बारा अंशांचा. या अरुंद कोनामुळे गणित विलक्षण महाग पडतं. कोन दहा अंशांचा धरला, तर डोलकाठीवरचा १०० किलोचा आडवा जोर पेलायला तारेत जवळजवळ पावणेसहाशे किलोंचा ताण लागतो आणि त्यातला बहुतेक ताण डोलकाठीला सरळ खाली दाबत असतो. स्प्रेडर असतात ते हा कोन जरा रुंद करायला. स्प्रेडरचं टोक किंचित वर उचललेलं हवं, म्हणजे तारेच्या वरच्या आणि खालच्या भागाशी त्याचा कोन सारखा होतो. ते आडवं किंवा खाली झुकलेलं असेल, तर तार त्याला घसरवू पाहते.

म्हणजे डोलकाठी होडीला मधोमध खाली रेटते आणि तारा तिला चारही कडांनी वर ओढतात. दोरी चढवलेल्या धनुष्यासारखी होडी कायम ताणलेली असते. ताण जास्त झाला की होडीचं अंग खरोखरच वाकतं. जुन्या फायबरग्लासच्या होडीत बॅकस्टे खूप आवळली की केबिनचं दार चौकटीत अडकू लागतं, आणि जाणकार तिथेच पाना खाली ठेवतो.

कोकणातल्या जुन्या शिडाच्या गलबतांवर, म्हणजे फत्तेमाऱ्यांवर, हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवलेला होता. तिथली डोलकाठी पुढे झुकलेली आणि शीड परबाणाला, म्हणजे एका लांबलचक तिरप्या वाशाला, बांधलेलं. वाऱ्याची बाजू बदलली की परबाण फिरवून पलीकडे न्यावं लागे. बाजूचे दोर कायमचे बांधले असते तर ते आड आले असते. म्हणून वाऱ्याकडच्या बाजूचे दोर कप्प्यांनी ताणायचे आणि बाजू बदलली की सोडून, पलीकडे नेऊन, पुन्हा ताणायचे. प्रत्येक वळणाला खलाशांचे हात ताण नव्याने ठरवत. आधुनिक होडीत हा निर्णय एकदाच घेतला जातो, आणि तो चुकला तर पुढची प्रत्येक सफर ती चूक सोबत घेऊन जाते.

लाकडी होडीवर हा भार कुठे येतो ते समजायला मुंबईत बांधलेल्या एका होडीकडे पाहावं. ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची होडी १९६०च्या दशकात मुंबईत इथल्याच सुतारांनी सागवानात घडवली. मालक होता व्यापारी जहाजांवरचा तरुण ब्रिटिश अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी तो फाल्मथहून एकटा निघाला आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. ही सफर गोल्डन ग्लोब नावाच्या शर्यतीतली होती. तीत नऊ जण उतरले होते, पूर्ण केली त्याने एकट्याने. पण अटलांटिकमध्येच ‘सुहैली’ गळू लागली होती. फट होती तळाचा कणा, म्हणजे कील, आणि त्याला लागून असलेली पहिली फळी यांच्या सांध्यात, मोठ्या डोलकाठीच्या आसपास, दोन्ही बाजूंना. नॉक्स-जॉन्स्टनने समुद्रात उतरून, श्वास रोखून बुड्या मारत त्या फटीत कापूस ठासला आणि वरून कापडाची व तांब्याची पट्टी ठोकली. गळतीची कारणं अनेक असू शकतात. पण डोलकाठीचा पाय कीलला खाली दाबतो आणि श्राउड फळ्यांना वर खेचतात, ही ओढाताण ज्या सांध्यावर येते तो नेमका हाच. लाकडी होडीचे जाणकार अजूनही तारा आवळायच्या आधी डोलकाठीच्या पायाशी वाकून हा सांधा पाहतात.

प्रत्यक्ष काम धक्क्यावर सुरू होतं, वारा पडलेला असताना. टर्नबकलच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे, त्यामुळे मधलं अंग फिरवलं की दोन्ही टोकं एकदम जवळ येतात. फिरवताना तार दुसऱ्या पान्याने धरून ठेवावी लागते, नाहीतर तीच पिळवटते. स्टेनलेसचे आटे स्टेनलेसमध्येच फिरत असतील तर ते कोरडे कधी फिरवू नयेत. घर्षणाने धातू धातूला चिकटतो आणि टर्नबकल असा जाम होतो की शेवटी करवतच लागते. लॅनोलिनचं बोटभर ग्रीस ही आपत्ती टाळतं. जुन्या होड्यांवर काशाचे टर्नबकल सापडले तर लोक ते जपतात, ते त्यांच्या अशा न चिकटण्यामुळेच.

आधी सगळ्या तारा हातानेच फिरवता येतील इतक्या सैल करायच्या. मग डोलकाठी मागे किती झुकलीय ते ठरवायचं. शीड चढवायच्या दोराला वजन बांधून ते बादलीतल्या पाण्यात बुडवलं की हेलकावे थांबतात आणि दोर ओळंब्याचं काम करतो. झुकाव वाढला की वाऱ्याचा जोर मागे सरकतो, होडी नाक वाऱ्याकडे वळवू पाहते आणि सुकाणूचा दांडा हाताला जड लागतो. थोडा जडपणा हवाच, कारण त्यानेच होडी हाताला कळते. फार झाला की सुकाणू धरणाऱ्याचा खांदा संध्याकाळी बोलू लागतो.

डावं-उजवं पाहायला ओळंबा चालत नाही, कारण पाण्यावरची होडी क्वचितच पूर्ण सपाट असते. तोच दोर एकदा डाव्या आणि एकदा उजव्या चेनप्लेटपर्यंत सारखाच ताणून आणायचा. दोन्ही मापं जुळली की टोक मध्यावर. जुन्या, हाताने बांधलेल्या होडीत मात्र दोन चेनप्लेटच मुळात एकसारख्या जागी नसतात. म्हणून नाळेपासून दोन्हींचं अंतर आधी मोजून ठेवतात, नाहीतर टेप प्रामाणिक राहून फसवते. यानंतरची तपासणी निव्वळ डोळ्यांची. डोलकाठीच्या मागच्या, शीड सरकतं त्या खाचेला नाक लावून वर पाहायचं. खाच सरळ रेषेत गेली पाहिजे. मध्येच पोट आलेलं दिसलं तर लोअर चुकलाय, टोक कलंडलेलं दिसलं तर कॅप श्राउड.

ताण मोजायची एक साधी रीत आहे. १×१९ या बनावटीच्या तारेत मध्ये एक, भोवती सहा आणि त्याभोवती बारा असे एकोणीस पेड असतात. दोन मीटरची घडीची मोजपट्टी वरच्या टोकाला तारेवर चिकटवायची, खालचं टोक मोकळं ठेवून तिथे तारेवर खूण करायची आणि मग टर्नबकल फिरवायचा. तार ताणली जाते, पट्टी नाही. त्यामुळे खूण पट्टीपासून सरकू लागते. १ मिलिमीटर सरकली की तारेवर तिच्या तुटण्याच्या क्षमतेच्या ५ टक्के ताण आला. तार जाड असो की बारीक, हे प्रमाण तेच राहतं. कॅप श्राउडना साधारण १५ ते २० टक्के ताण देतात, म्हणजे पट्टीवर ३ ते ४ मिलिमीटर. ६ मिलिमीटर जाडीची तार सुमारे तीन टनांना तुटते. तेव्हा होडी धक्क्याला शांत उभी असतानाही एकेका श्राउडमध्ये साडेचारशे ते सहाशे किलो ओढ असते.

खरा निकाल लागतो पाण्यावर. मध्यम वाऱ्यात होडी पंधरा-वीस अंश कलली की वाऱ्याकडच्या तारा ताठ होतात आणि पलीकडच्या सैलावतात. त्या सैलावाव्यात, पण लोंबकळू नयेत. हाताने हलवल्यावर खडखडत असतील तर टर्नबकल अर्धा फेरा फिरवायचा, होडी वळवून दुसऱ्या बाजूलाही तेवढाच, आणि फेऱ्यांची नोंद ठेवायची. लोंबणारी तार प्रत्येक लाटेला झटका घेते, आणि तार असल्या झटक्यांनीच थकते. इथे नवशिके गोंधळतात. त्यांना वाटतं घट्ट म्हणजे धोका, सैल म्हणजे सुरक्षित. प्रत्यक्षात सैल रिगिंग होडीला जास्त झिजवतं. पण घट्टपणाची कमाल मर्यादा पुस्तक ठरवत नाही, होडीचं अंग ठरवतं.

जुन्या होडीचा प्रश्न इथेच सुरू होतो. नवी तार पहिल्या मोसमात थोडी बसते आणि ती पुन्हा आवळावी लागते, यात नवल नाही. पण जुनी तार दरवर्षी फेरा-दोन फेरे मागत असेल, तर ती लांबत नसते, दुसरं काहीतरी आखूड होत असतं. डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिच्याखालचं पाणी शिरलेलं लाकूड चेपत असेल, खालचा आधाराचा खांब खचत असेल, किंवा चेनप्लेट ज्या आडव्या भिंतीला बोल्टने जोडलीय ती भिंत सुटत असेल. अशा वेळी टर्नबकल फिरवणं म्हणजे दुखणं झाकणं. फेऱ्यांची वही हवी ती यासाठी.

दुसरं दुखणं चकचकीत पोलादाच्या आत असतं. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या अदृश्य थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या नळीत किंवा डेकमधून आरपार जाणाऱ्या चेनप्लेटच्या फटीत खारं पाणी कोंडून राहिलं की हवा पोचत नाही, थर मोडतो आणि धातू आतल्या आत पोखरतो. बाहेरून सगळं आरशासारखं. वरून ओघळणारं पाणी खालच्या टोकाच्या नळीत साचतं, म्हणून खालची टोकं आधी जातात. तपासणीत तारेवरून टिश्यू पेपर फिरवतात, तुटलेला पेड असेल तर कागद अडकून फाटतो. बोट फिरवणाऱ्याचं बोट फाटतं. नळीवरच्या चिरा शोधायला तीन डबे लागतात. पहिल्याने स्वच्छ करायचं, दुसऱ्यातला लाल रंग फवारून थोडा वेळ मुरू द्यायचा आणि पुसून टाकायचा, मग तिसऱ्यातली पांढरी पूड मारायची. नळी धडधाकट असेल तर पांढरीच राहते. चीर असेल तर आत मुरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. त्या तारेची नोकरी तिथे संपली. तारांचं साधारण आयुष्य दहा वर्षांचं धरतात, पण चेनप्लेट तीस वर्षांत कुणी उपसून पाहिलेली नसते, हा जुन्या होड्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

अशा होड्यांची सगळ्यात कठोर परीक्षा २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत झाली. ‘सुहैली’च्या सफरीला पन्नास वर्षं झाली म्हणून ती भरवलेली होती. होड्या ३२ ते ३६ फुटी आणि १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच हव्यात, असा नियम. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी उतरले ते ‘थुरिया’ घेऊन. ही ‘सुहैली’ची प्रतिकृती गोव्यात बांधलेली होती. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. निघालेल्या सतरा होड्यांपैकी पाचांच्या डोलकाठ्या गेल्या. होडी पूर्ण उलटवणाऱ्या लाटेपुढे कुठलंही ट्यूनिंग टिकत नाही, हे मान्यच करावं लागतं.

पण त्याच शर्यतीचा विजेता उरलं त्यात कसं भागवायचं ते दाखवून गेला. त्र्याहत्तर वर्षांच्या ज्याँ-ल्यूक व्हान दन हीड यांची रसलर ३६ ‘मातमूत’ नोव्हेंबरमध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये आडवी झाली. लोअर श्राउड डोलकाठीला धरणारा बोल्ट अ‍ॅल्युमिनियम चिरत काही सेंटिमीटर खाली सरकला आणि त्या तारा सैल पडल्या. डोलकाठी उभी होती, पण तिचं मधलं अंग निराधार झालं होतं. त्यांनी शर्यत सोडून चिलीला जायचं आधी ठरवलं. मग भर समुद्रात स्वतः डोलकाठीवर चढून ती जोडणी बांधून काढली, जपून शीड वापरत पुढे निघाले आणि २९ जानेवारी २०१९ रोजी पहिले परतले. टॉमी पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरले, तेही रसलर ३६ घेऊन, आणि २०२३च्या एप्रिलमध्ये दुसरे आले.

मुंबईच्या हौशी दर्यावर्दींना महासागर ओलांडायचा नसला तरी त्यांच्या तारांना तेच मीठ आणि जोडीला शहराची काजळी लागते. एक सोय मात्र इथे आपोआप मिळते. पावसाळ्याआधी होड्या पाण्याबाहेर काढाव्याच लागतात. तारा आणि डोलकाठी उतरवून टर्नबकल उघडायचे, वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या चिकटपट्ट्या सोलायच्या, कारण त्यांच्याखाली खारं पाणी बसलेलं असतं, जुन्या स्प्लिट पिना फेकून नव्या घालायच्या आणि दरवर्षी निदान एक चेनप्लेट तरी उपसून पाहायची. ऑक्टोबरात डोलकाठी पुन्हा उभी राहील तेव्हा वहीतला गेल्या वर्षीचा आकडा गाठायची घाई करू नये. चाळिशीतल्या होडीला पंधरा टक्क्यांऐवजी बारा टक्के मानवत असतील, तर तिचा आकडा बारा. शर्यतीत त्याने एखादा क्रमांक खाली यावं लागेल, पण दार चौकटीत नीट बसेल, सांधा कोरडा राहील आणि डोलकाठी पुढच्या मोसमातही उभी असेल.