च-भाषा : व्यंजनव्यवस्था

मराठी भाषिक मुलांमध्ये मौखिक परंपरेने चालत आलेली एक कृत्रिम गुप्त भाषा. ‘च-ची भाषा’ असेही तिला म्हणतात. तिला स्वतंत्र शब्दसंग्रह वा व्याकरण नाही. मराठी शब्दांतील व्यंजनांची ठराविक नियमाने अदलाबदल करून ती सिद्ध होते. शब्दक्रम, प्रत्यय व वाक्यरचना मराठीचीच राहते. इंग्रजीतील ‘पिग लॅटिन’ आणि फ्रेंचमधील ‘व्हेर्लान’ ही ह्याच प्रकारची अन्य उदाहरणे होत.

नियम : शब्दाचे आद्य व्यंजन काढून त्या जागी च् ठेवतात आणि काढलेले व्यंजन शब्दाच्या शेवटी जोडतात. आद्य व्यंजनाचा स्वर मात्र जागचा हलत नाही. तो च् ला मिळतो. उदा., ‘मला भूक लागली’ ह्याचे ‘चलाम चूकभ चागलील’ असे रूप होते. बीडचे ‘चीडब’, तर त्याच जिल्ह्यातील दिंद्रुड ह्या गावाच्या नावाचे ‘चिंद्रुडद’ होते. ‘आई’सारख्या स्वरादी शब्दात हलविण्याजोगे व्यंजन नसल्याने केवळ च् जोडून ‘चाई’ असे म्हणतात. आरंभी जोडाक्षर असल्यास ते सामान्यतः अखंड शेवटी नेतात (‘प्रकाश’ – ‘चकाशप्र’). शब्दाच्या मध्यातील जोडाक्षराला नियमाचा स्पर्श होत नाही.

ध्वनिवैशिष्ट्ये : मराठीत च् चे दोन उच्चार आहेत : ‘चिंच’ शब्दातील पहिला तालव्य आणि ‘चाक’ शब्दातील दंत्य. देवनागरी लेखनात हा भेद दिसत नाही. इ, ई, ए ह्या स्वरांपूर्वी तालव्य उच्चार करण्याची मराठीची प्रवृत्ती असल्यामुळे ‘चीडब’मधील च् तालव्य होतो, ‘चूकभ’मध्ये दंत्य उच्चाराला वाव मिळतो. ‘बीड’ शब्दातील अंत्य अकार बोलताना लोपतो; ‘चीडब’मध्ये मात्र ड अंती राहत नसल्याने तो पुन्हा उच्चारला जातो. ण् व ळ् ही व्यंजने मराठी शब्दाच्या आरंभी येत नाहीत. च-भाषेतही ती आतच राहतात (‘पाणी’ – ‘चाणीप’, ‘बाळ’ – ‘चाळब’). त्यामुळे नियम कृत्रिम असला, तरी तयार होणारे शब्द मराठी जिभेला अवघड जात नाहीत.

श्रवणाच्या दृष्टीने भार अंत्य व्यंजनावर पडतो. कान, पान, मान ह्यांची रूपे अनुक्रमे ‘चानक’, ‘चानप’, ‘चानम’ अशी होतात. शेवटचा ध्वनी ऐकू येईपर्यंत शब्द कळत नाही. ‘घर’ व ‘गर’ ह्यांतील भेदही (‘चरघ’, ‘चरग’) केवळ अंत्य महाप्राणावर अवलंबून राहतो. शब्दान्ती महाप्राणत्व क्षीण होण्याची प्रवृत्ती असल्याने वेगाने बोलताना येथे घोटाळा संभवतो.

भाषाशास्त्रीय महत्त्व : ‘भू’ हे लेखनात एकच अक्षर असले, तरी खेळणारे मूल भ् आणि ऊ हे घटक अचूक वेगळे करते. व्यंजन व स्वर हे स्वतंत्र घटक असल्याची जाणीव भाषकाच्या मनात असते, ह्याचा हा सहज उपलब्ध पुरावा होय. करपल्लवी ह्या हस्तसंकेतांच्या पारंपरिक पद्धतीत तीच जाणीव निराळ्या रूपाने दिसते. तीत आधी वर्णाचा वर्ग आणि मग वर्गातील त्याचा क्रमांक सुचविला जातो.

सामाजिक बाजू : भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1922 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकराव्या खंडात कोल्हाटी, गारोडी, भामटी इ. बोलींचे वर्णन आहे. शब्दाच्या आरंभी व्यंजन जोडणे किंवा आद्य व्यंजन बदलणे ह्या युक्त्या त्यात नोंदविल्या आहेत. म्हणजे प्रक्रिया मुलांच्या खेळातलीच आहे. तथापि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये अनेक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या सांकेतिक बोलींकडे प्रशासन संशयाने पाहत असे. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ह्या बोलींचा अभ्यास करताना ध्वनिप्रक्रियेचे वर्णन आणि भाषकांवर लादलेला कलंक ह्या गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते. बाहेरच्यांपासून बोलणे राखून ठेवण्याची गरज खेळगड्यांना, व्यावसायिकांना आणि भटक्या समूहांना सारखीच भासते. व्यंजनांच्या फेरबदलावरून भाषकाच्या वर्तनाविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही.