बायपॉड कोणता घ्यावा, आणि पाच गोळ्यांवर किती विश्वास ठेवावा?

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. सुट्टीच्या दिवशी बिस्लीच्या रेंजवर जाऊन एफ-टीआर प्रकारात रायफल चालवतो. मध्यंतरी त्याचा फोन आला: "ताई, क्लबातल्या एकाचा रुंद पायांचा बायपॉड मागून आणला होता. माझ्या जुन्यावर पाच गोळ्या, त्याच्यावर पाच गोळ्या. जुन्याचा ग्रुप ०.८ मिनिट, नव्याचा ०.६. नवा घेऊन टाकू ना?" नव्याची किंमत त्याच्या एका महिन्याच्या घरभाड्याएवढी.

मला नेमबाजीतलं फारसं कळत नाही. पण प्रश्न ओळखीचा वाटला, कारण हाच घोळ मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी घातलाय. दोन सॅम्पल होल्डर, प्रत्येकावर तीन-तीन रीडिंग, एकाची रीडिंग जवळजवळ आली म्हणून तो निवडला आणि पुढचे पाच महिने त्यावर काढले. नंतर कळलं की दोघांत फरक नव्हताच. म्हणून तुम्ही उपकरण निवडायला बसण्याआधी हा बायपॉडचा हिशोब एकदा बघा.

आधी थोडी ओळख. एफ-क्लास म्हणजे पोटावर झोपून, रायफल आधारावर ठेवून, दुर्बिणीतून लांबच्या लक्ष्यावर मारायचा खेळ. अंतर ३०० ते १००० यार्ड. नावातला 'एफ' हा कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वारसन यांच्यावरून आला. त्यातल्या एफ-टीआर या उपप्रकारात काडतूस फक्त .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर, पुढे बायपॉड, मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी, आणि बायपॉड-दुर्बिणीसकट सगळं वजन ८.२५ किलोच्या आत. आपल्याकडे रायफल म्हटलं की स्वप्नील कुसाळे आणि ५० मीटर थ्री पोझिशन आठवतं. तिथे बायपॉड चालतच नाही, आधार स्वतःच्या हाडांचा. हा खेळ वेगळा.

लक्ष्याचं माप कोनात मोजतात. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १००० यार्डांवर साधारण २६.६ सेंटिमीटर. सर्वोच्च गुणांचं वर्तुळ एक मिनिट व्यासाचं, आणि त्याच्या आत बरोबरी सोडवायला अर्ध्या मिनिटाचं आणखी एक.

आता बायपॉड नेमकं काय करतो ते बघू. बायपॉडचे पाय आणि मागची पिशवी यांत ८० सेंटिमीटर अंतर धरा. पुढची बाजू फक्त ०.२३ मिलिमीटर वर-खाली झाली की नळीचा कोन एक मिनिटाने बदलतो. ०.२३ मिलिमीटर म्हणजे दोन-तीन कागदांची जाडी! दुसरं म्हणजे गोळी नळीत असतानाच रायफल मागे सरकायला लागते. गोळी १० ग्रॅम, दारू ३ ग्रॅम, नळीतला प्रवास ७० सेंटिमीटर धरा. संवेग अक्षय्यतेचं साधं गणित करा, दारूच्या वायूचं निम्मं वस्तुमान गोळीबरोबर गेलं असं माना, तर गोळी बाहेर पडेपर्यंत ८.२५ किलोची रायफल साधारण एक मिलिमीटर मागे गेलेली असते. या एका मिलिमीटरच्या प्रवासात बायपॉडने रायफलला दर वेळी सारखंच वागू दिलं पाहिजे. त्याचं काम एवढंच. पूर्ण स्थिर ठेवणं त्याच्याकडून होणारच नाही, दर वेळी तेच आणि तसंच होणं महत्त्वाचं.

यावरून बायपॉडचे प्रकार समजतात. हॅरिससारखे स्प्रिंगने उघडणारे, अरुंद पायांचे बायपॉड मुळात शिकारीला आणि मैदानात फिरायला सोयीचे: झटकन उघडतात, घडी होतात. त्यांच्यावर मारताना नेमबाज खांद्याने रायफल किंचित पुढे रेटतो, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा एका बाजूला बसतो. पण हा रेटा दर वेळी सारखा हवा, आणि तो देणारा माणूस आहे. उलट एफ-टीआरसाठी बनवलेले बायपॉड बुटके, खूप रुंद आणि खाली स्कीसारख्या पट्ट्या असलेले. रायफल त्यांवर सरळ मागे घसरते. रुंदीचा फायदा वेगळाच आहे: नळीतल्या पिळामुळे गोळी फिरते, तेव्हा रायफलला उलट्या दिशेने कलायला होतं, आणि पाय लांब असले की ते कलणं रोखलं जातं. इंडोनेशियात बनणाऱ्या जॉयपॉडसारख्या काहींना तर जॉयस्टिक असते. एक दांडी हलवली की उभा आणि आडवा दोन्ही नेम लागतो.

हे सगळं पटण्यासारखं आहे. पण "पटण्यासारखं" आणि "मोजलेलं" यांत फरक असतो, आणि भावाने मोजलं होतं ते पाच-पाच गोळ्यांनी.

ग्रुप मोजायची रूढ पद्धत म्हणजे सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर. गोळ्या दोन्ही दिशांना सारख्याच, प्रत्येक दिशेला सिग्मा एवढ्या प्रमाण विचलनाने विखुरतात असं धरू. मग हे अंतर सरासरीने ३ गोळ्यांना २.४१ सिग्मा, ५ गोळ्यांना ३.०७ सिग्मा आणि १० गोळ्यांना ३.८१ सिग्मा येतं. म्हणजे गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होतो, रायफल तीच असली तरी. तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवून मिरवणाऱ्यांचं गुपित हेच. फ्रँक ग्रब्स या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये नेमबाजांसाठी हा सगळा हिशोब मांडला. हो, आउटलायर काढायला आपण जी ग्रब्स टेस्ट लावतो तेच ग्रब्स.

यातली नडणारी गोष्ट पुढे आहे. पाच गोळ्यांच्या ग्रुपचं स्वतःचंच प्रमाण विचलन त्याच्या सरासरीच्या २७ टक्के असतं. म्हणून *एकाच* बायपॉडवर दोन ग्रुप मारले, तरी त्यांच्यात सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. आता भावाचे आकडे परत बघा. ०.६ आणि ०.८, सरासरी ०.७, फरक २९ टक्के. म्हणजे काहीच वेगळं नसताना जेवढा फरक अपेक्षित असतो, अगदी तेवढाच.

"मग गोळ्या वाढवतो," तो म्हणाला. वाढव, पण किती? सगळ्या छिद्रांवरून सिग्मा काढला, तर एन गोळ्यांनंतर त्यातली सापेक्ष चूक साधारण १ भागिले (२ गुणिले एनचं वर्गमूळ) असते. दोन बायपॉडमधला १० टक्क्यांचा फरक ९५ टक्के खात्रीने, आणि पाचांपैकी चार वेळा तरी पकडायचा असेल, तर प्रत्येकावर चारशेच्या आसपास गोळ्या लागतात. दोघांच्या मिळून आठशे. .३०८ ची नळी अचूक असते ती काही हजार गोळ्यांपुरती. म्हणजे प्रयोगातच नळीच्या आयुष्याचा मोठा तुकडा जायचा.

आणि फरक १० टक्के तरी असेल का? विखुरण्याचे व्हेरिअन्स बेरजेत जातात. बायपॉड सोडून बाकी सगळ्यांचा (नळी, काडतूस, माणूस) सिग्मा ०.२२ मिनिट धरा. वाईट बायपॉडचा ०.१०, चांगल्याचा ०.०५. एकूण येतात ०.२४ आणि ०.२३. बायपॉडची चूक निम्मी झाली, पण निकालात फरक फक्त ७ टक्के. तो पकडायला चारशेच्या जागी आठशे गोळ्या! शिवाय १००० यार्डांवर .३०८ ला ताशी एक मैल आडवा वारा अंदाजे एक मिनिट ढकलतो. वारा वाचण्यातली छोटी चूकसुद्धा बायपॉडला झाकून टाकते.

इथे बरेच जण म्हणतात की मग मोजण्यात अर्थच नाही, जो आवडेल तो घ्या. मला हे मान्य नाही. अंतिम निकाल मोजणं महाग असेल तर त्यामागची यंत्रणा थेट मोजा. बायपॉडचं काम "दर वेळी तेच" असेल, तर तेवढंच तपासा, तेही गोळी न मारता. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघायचं, ठिपक्यावर नेम धरायचा, रायफल हाताने थोडी मागे ओढून परत जागेवर आणायची, आणि दुर्बिणीची फुली कुठे थांबते ते लिहायचं. असं वीस वेळा. पाय सोडून परत बसवायचे, पुन्हा वीस वेळा. उभी आणि आडवी चूक वेगळी लिहायची, कारण पायातला ढिलेपणा बहुतेक उभ्या दिशेत दिसतो आणि वारा आडव्या. खर्च शून्य.

मोबाइलच्या स्लो-मोशनवर भरवसा नको. सेकंदाला २४० चित्रं म्हणजे दोन चित्रांत चार मिलिसेकंद, आणि गोळी दीडेक मिलिसेकंदात बाहेर. व्हिडिओत दिसणारी उडी गोळी गेल्यानंतरची असते. रायफल सरळ मागे येते की वाकडी, एवढं कळायला मात्र तो पुरतो.

मारून बघायचंच असेल तर आधी दहा गोळ्या एकावर, मग दहा दुसऱ्यावर असं करू नका. नळी तापते, आत काजळी धरते, माणूस थकतो, आणि हे सगळं दुसऱ्याच्या नावावर चढतं. जुना-नवा-नवा-जुना असा क्रम ठेवा. छिद्रं मोजणाऱ्याला कुठला कागद कशाचा ते सांगू नका. एकही ग्रुप "हा माझ्याकडून बिघडला" म्हणून वगळू नका. वगळायचंच असेल तर छिद्र बघायच्या आधी, चाप ओढल्या क्षणी बोलून टाका.

भावाने हे केलं. चार रविवार, प्रत्येक बायपॉडवर ४० गोळ्या. जुन्याचा सिग्मा ०.२४, नव्याचा ०.२२. फरक ९ टक्के, आणि त्या फरकातली अनिश्चितता ११ टक्के. काही सांगता येत नाही. पण रिकाम्या रायफलच्या चाचणीत जुन्याची फुली मधूनच उभ्या दिशेत पाव-अर्धा मिनिट उडत होती. शोधलं तर डाव्या पायाच्या सांध्यातला स्क्रू ढिला होता. तो आवळल्यावर उडी गेली.

काल परत फोन होता. नवा बायपॉड घ्यायचाच म्हणतोय, उतरत्या गवतावर तो पटकन समतल होतो म्हणून, आणि जुन्यापेक्षा हलकाही आहे, वाचलेलं वजन जाड नळीत घालता येईल. मी म्हटलं, घे. फक्त क्लबात सांगताना ग्रुप लहान झाला असं सांगू नकोस.