रुळांवरचा पाळणा

चीनला जाणारे बहुतेक प्रवासी भिंत पाहायला जातात. आम्ही गेलो ते मुलगी आणायला. त्यामुळे आमची प्रवासाची वही इतरांच्या वहीसारखी नाही. तिच्यात राजवाडे थोडे, नि दुधाच्या बाटल्या, दुपटी आणि गरम पाण्याचे हिशेबच फार!

साल २००५, महिना नोव्हेंबर. आम्ही न्यू जर्सीला राहणारे; यजमानांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले. मुलगा आठ वर्षांचा, आणि सोबतीला मुद्दाम पुण्याहून आलेल्या सासूबाई.

चीनमध्ये १९७९-८० पासून एका जोडप्याला एकच मूल असा दंडक होता. पहिली मुलगी झाली तर खेड्यांतून पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या मुलाची मुभा मिळे. पण मुलाची हाव काही सुटली नाही. मग नकोशी झालेली पोर बाजारात, रस्त्याच्या कडेला किंवा अनाथालयाच्या दाराशी ठेवलेली सापडे. आपण चिन्यांकडे बोट दाखवायला नको. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली, ती काय उगीच? १९९२ पासून चीनने परदेशी कुटुंबांना कायद्याने मुले दत्तक देण्यास सुरुवात केली. आम्ही गेलो त्या एका वर्षात सुमारे आठ हजार मुले अमेरिकेत आली, आणि त्यांत बहुतेक मुलीच होत्या.

आमची मुलगी हूनान प्रांतातली. तिची राजधानी चांगशा. तिथल्या सरकारी कचेरीत एका बाईंनी चौदा महिन्यांची पोर यजमानांच्या हाती दिली. अंगावर एकावर एक तीन जाड कपडे, हात आडवे पसरलेले, अगदी भातुकलीतल्या बाहुलीसारखी! रडली नाही. यजमानांचे बोट तिने घट्ट धरले. पण मी जवळ गेले की मान फिरवी. मुलाकडे पाही, आजीकडे पाही, माझ्याकडे मात्र नाही.

पासपोर्ट मिळेपर्यंत आठवडा काढायचा होता. मग पोरीला पोटाशी बांधून यजमान पुढे नि आम्ही मागे, असे शहर पाहिले. इसवी सन ९७६ मध्ये स्थापन झालेले युएलू विद्यापीठ पाहिले. संग्रहालयात मावांगत्वीच्या थडग्यातल्या वस्तू पाहिल्या. १९७२ साली उकरलेल्या त्या थडग्यात एकवीसशे वर्षांपूर्वीच्या एका सरदारपत्नीचा देह जसाच्या तसा सापडला, आणि त्याबरोबर रेशमाचा एक झगा निघाला. वजन अवघे ४९ ग्रॅम! “आमच्या पैठणीचा नुसता पदरसुद्धा याहून जड भरेल,” सासूबाई म्हणाल्या.

रस्त्यात दर दहा पावलांवर एखादी चिनी आजीबाई आम्हांला अडवी आणि पोरीचे पाय झाकायला लावी. भाषा कळत नसली तरी “अगं, थंडी बाधेल ना लेकराला!” हे कोणत्याही भाषेत कळतेच. सासूबाई माना डोलावून त्यांना दुजोरा देत आणि माझ्याकडे पाहत. दोन देशांच्या आज्यांची अशी युती झाल्यावर सुनेने बोलायचे काय?

हूनानी जेवण म्हणजे कोल्हापूरला मागे सारणारे तिखट. चांगशा स्टेशनच्या मनोऱ्यावर मशाल आहे, तिची ज्योत सरळ आभाळात गेलेली. गावकरी थट्टेने तिला मिरचीच म्हणतात. पण सकाळी हॉटेलात ‘जोऊ’ मिळे. जोऊ म्हणजे आपली तांदळाची पेज! सासूबाईंनी तिच्यात पुण्याचे मेतकूट कालवले आणि पोरीने वाटी चाटूनपुसून संपवली. माझ्या हातून मात्र घास घेईना. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडत असे.

अमेरिकेचा व्हिसा ग्वांगझौच्या वकिलातीतच मिळे. चांगशाहून ते सुमारे सातशे किलोमीटर. बहुतेक कुटुंबे विमानाने जात. आम्ही मुलाच्या हट्टाखातर आगगाडी धरली. चार बाकांचा दार असलेला डबा. डब्याची देखरेख करणारी बाई कागदी तिकीट ठेवून घेई नि बदल्यात एक बिल्ला देई. उतरायच्या आधी बिल्ला घेऊन तिकीट परत. म्हणजे कुणी झोपेत पुढे जायची भीती नाही. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब. सगळे उतारू कागदी डब्यांतल्या शेवयांवर ते पाणी ओतीत, आणि गाडीभर मसाल्याचा वास दरवळे.

हंगयांग मागे पडले. भातखाचरे सरली नि नानलिंगचे डोंगर आले. बोगद्यामागून बोगदे! मुलगा डेक्कन क्वीनमध्ये शिकलेला. खंडाळ्याच्या घाटात ओरडतात तसा तो प्रत्येक बोगद्यात ओरडू लागला. एवढ्यात दायाओशानचा बोगदा आला, चौदा किलोमीटरांहून लांब. मुलाने जोरात आरोळी ठोकली, बाहेर काळोख, रुळांचा खडखडाट दुप्पट. पोर दचकली. यजमान पाणी आणायला गेलेले, सासूबाई वरच्या बाकावर निजलेल्या. समोर मी एकटीच. तिने दोन्ही हात पुढे केले.

बोगदा आठ-नऊ मिनिटे चालला. उजेड आला तेव्हा ती माझ्या मानेशी झोपलेली होती. यजमान पाण्याची बाटली घेऊन दारात तसेच उभे राहिले.

ग्वांगझौला शामियान बेटावर उतरलो. अफूच्या युद्धांनंतर इंग्रज-फ्रेंचांनी बळकावलेले हे बेट. ती अफू मुंबईच्या बंदरातूनही जात असे. आज तिथे मोठमोठ्या वडांची सावली आहे, आणि तेव्हा त्या सावलीत बाळगाड्यांची रांगच रांग दिसे.

२०१७ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. सासूबाई आता नव्हत्या. लेक तेरा वर्षांची. आधी श-च्या-चुआंगला सोलापूरच्या डॉ. कोटणिसांच्या स्मारकापाशी फूल ठेवले. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या मुलाचे नाव होते ‘इन-ह्वा’, म्हणजे भारत आणि चीन. लेक म्हणाली, “म्हणजे माझ्यासारखाच!” तिचे चिनी नाव आम्ही पुसलेले नाही, मराठी नावाच्या पाठीला ते जोडलेले आहे.

चांगशाला तिने विचारले, “आई, मला जन्म देणारी इथेच कुठे असेल?”

“असेल. नाव-गाव मात्र कुठल्याच कागदावर नाही.”

“तिला माझी आठवण येत असेल?”

“येतच असेल,” मी म्हणाले. दुसरे उत्तर मला सुचले नाही, आणि आजही सुचत नाही.

एका मुलाचा दंडक २०१६ च्या आरंभी संपला. २०२४ मध्ये चीनने, जवळच्या नातलगांचा अपवाद ठेवून, परदेशी दत्तकही बंद केले. तोवर दीड लाखांहून अधिक मुले जगभर गेली होती. त्या प्रत्येकाच्या मनात आमच्या लेकीचा हा प्रश्न असणारच.

त्या खेपेस ग्वांगझौला नव्या वेगवान गाडीने गेलो. पूर्वी दिवस खाणारा प्रवास अडीच तासांत संपला. शेजारी एक म्हातारी होती. तिने काहीतरी विचारले. लेकीने वर्षभर शिकलेले वाक्य धीर करून म्हटले, “वो श चांगशा रन.” मी चांगशाची.

म्हातारी भरभर खूप काही बोलली. आम्हां कुणाला एक शब्द कळला नाही. मग तिने हात पुढे करून लेकीचा गळपट्टा नीट गुंडाळला आणि माझ्याकडे रागाने पाहिले.