पंप मारा, पण मोजून!

ना दारू, ना काडतूस, ना गॅसचं नळकांडं. पंपाच्या एअर रायफलीत सगळा जोर आपल्या दंडाचा! अमेरिकेत खारी-सशांची शिकार करणारे आणि रानात तग धरायची तयारी ठेवणारे तिच्यावर फार विसंबतात. तिची निवड करताना कामी येतील अशा या गमती.

दीड हजार दट्टे!
ऑस्ट्रियाच्या सैन्यात १७८० च्या सुमारास जिरांदोनी नावाची हवेची बंदूक आली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी. ती भरायला सुमारे १,५०० वेळा पंप मारायचा, तेव्हा कुठे तीसेक बार निघायचे. आजच्या रायफलीत एका बाराला आठ-दहा पंप पुरतात.

झटका जवळपास नाहीच
जत्रेत फुगे फोडायला नळी मोडून छर्रा भरतात, ती स्प्रिंगची बंदूक. चाप ओढला की आतला दट्ट्या धडकतो आणि छर्रा बाहेर पडायच्या आत बंदूक हलते. पंपवालीत हवा आधीच दाबून भरलेली असते, त्यामुळे नवख्याचाही हात लवकर बसतो.

तीन ते आठ
बेंजामिन ३९२ या पंपाच्या रायफलीला कमीत कमी ३, जास्तीत जास्त ८ पंप. डब्यांवर सरावाला तीन, शिकारीला आठ. हव्यासानं जास्त पंप मारले तर झडप नीट उघडत नाही, हवा आतच अडकते आणि वॉशर मार खातात.

संधी एकच
पुन्हा आठ पंप मारेपर्यंत खार पसार! म्हणून खोक्यावरच्या वेगाच्या आकड्याला भुलू नका. तो बहुधा हलक्या छर्ऱ्याचा असतो. २५ मीटरवर पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडतात का, ते बघा. पडत नसतील तर आणखी जवळ जा, नाहीतर बार टाकूच नका. जनावर तडफडता कामा नये, ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी.

साडेचार की साडेपाच?
४.५ मिमीचा छर्रा सरळ जातो, स्वस्त पडतो. ५.५ मिमीचा जड, सशाला तोच बरा. शेरिडन कंपनीनं १९४० च्या दशकात मधला ५ मिमी काढला आणि त्यावरच नाव कमावलं.

पाव किलोत पाचशे
४.५ मिमीचे ५०० छर्रे जेमतेम पाव किलो भरतात. पाठपिशवीत शिधा वाहणाऱ्याला याचं मोल विचारा!

ठेवताना एक पंप
छर्रा काढून एखादा पंप मारून ठेवला की झडप मिटलेली राहते, आत धूळ शिरत नाही.

आणि आपल्याकडे?
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा, तितर यांच्याही शिकारीला बंदी आहे. ४.५ मिमीहून मोठी नळी किंवा २० ज्यूलहून जास्त जोर असेल, तर परवाना लागतो. तेव्हा इथे बंदूक घ्यायची ती कागदी निशाण्यासाठीच. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तो असाच निशाणा टिपून!